पंचविशीतले दोन विद्यार्थी आणि एक व्याख्या

चहाचा कप हातात घेऊन बसा, कारण आजची गोष्ट थोडी निवांतपणे ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात एका फोनपासून करतो. आपल्या एका श्रोत्यांची मुलगी इथल्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकते. या सत्रात तिला संशोधनपद्धतीचा विषय आहे. प्रश्नावली कशी तयार करायची, मुलाखत कशी घ्यायची, कोणाला विचारायचं आणि कोणाला विचारायचं राहून गेलं हे कसं ओळखायचं, असं सगळं त्यात असतं. सत्राच्या शेवटी प्रत्येकानं एक छोटं संशोधन करून दाखवायचं. तिनं विषय घेतला: अमेरिकेतल्या मराठी घरांत जातीबद्दल काय बोललं जातं. पहिली मुलाखत अर्थातच आजीची. आजी म्हणाली, "आपल्याकडे नाही गं असलं काही." आणि पुढच्या दहा मिनिटांत नातवासाठी आलेल्या एका स्थळाबद्दल सांगताना "मुलगी आपल्यातलीच आहे" असं दोनदा म्हणाली.

मुलगी मला विचारत होती, "काका, यातलं खरं कोणतं लिहू? आणि जात म्हणजे नेमकं काय हेच मला एका वाक्यात सांगता येत नाही. मग मी लोकांना विचारू तरी काय?"

मी काही समाजशास्त्राचा माणूस नाही. पण तिला एवढं सांगू शकलो की तू एकटी नाहीस. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, इथेच, न्यूयॉर्क राज्यातल्या दोन विद्यापीठांत, दोन मराठी विद्यार्थी याच प्रश्नाला भिडले होते. दोघांनीही त्यावर लिहिलं तेव्हा दोघांचं वय पंचवीस होतं. आणि दुसऱ्यानं पहिल्याचं लिखाण वाचून, त्याचं कौतुक करून, त्यातली चूक दाखवली होती. आज त्या दोघांची गोष्ट.

पहिला विद्यार्थी म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर. आपण त्यांना ज्ञानकोशकार केतकर म्हणून ओळखतो, पण ज्ञानकोश ही पुढची गोष्ट. केतकरांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. शिक्षण अमरावतीला आणि मग मुंबईच्या विल्सन कॉलेजात. १९०६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते इथाकाला आले, कॉर्नेल विद्यापीठात. ज्यांची मुलं तिथे शिकतात त्यांना ते गाव माहीत आहे. टेकडीवर विद्यापीठ, खाली केयुगा तलाव, आणि हिवाळा असा की पुण्यामुंबईच्या माणसाला एप्रिल कधी उगवतो असं होतं. तिथे १९०९ मध्ये केतकरांचं इंग्रजी पुस्तक निघालं, 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया', म्हणजे भारतातल्या जातीचा इतिहास. ते छापलंही इथाकातच. १९११ मध्ये कॉर्नेलनं त्यांना पीएच.डी. दिली, आणि त्याच वर्षी हिंदुत्वाची घडण आणि भवितव्य या विषयावरचा पुढचा भाग लंडनहून निघाला.

आता त्या काळी जातीचा अभ्यास कसा चालायचा ते पाहू, म्हणजे या पोरांनी काय केलं ते समजेल. हिंदुस्थानात तेव्हा या विषयातलं मोठं नाव होतं हर्बर्ट रिस्ले. सरकारी अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. त्यांची पद्धत होती मोजमापाची. माणसाच्या नाकाची रुंदी घ्यायची, तिला नाकाच्या उंचीनं भागायचं, शंभरानं गुणायचं. आलेल्या आकड्याला म्हणायचं नासिका-निर्देशांक. रिस्लेंचा दावा असा की नाक जितकं रुंद, तितकी त्या माणसाच्या जातीची समाजातली पायरी खाली. म्हणजे जात हा वंशाचा प्रश्न, आणि वंश मोजपट्टीवर दिसतो. ऐकायला आज हसू येतं, पण हे छापील सरकारी ग्रंथांत होतं, त्यात आकड्यांचे तक्ते होते, आणि आकडे दिसले की माणूस निम्मा तर तिथेच गप्प होतो.

केतकर गप्प बसले नाहीत. त्यांच्या पुस्तकाला एक परिशिष्ट आहे, मानववंशशास्त्रातल्या मुळातल्या दोषांवर. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी, परक्या देशात, आणि तो त्या काळच्या सगळ्यात वजनदार पद्धतीचे दोष दाखवतो आहे. त्यांचा स्वतःचा मार्ग वेगळा होता. त्यांनी एक ग्रंथ निवडला, मनुस्मृती. ती केव्हाची याचा माग काढला आणि तिसरं शतक ठरवलं. मग त्या काळच्या समाजाबद्दल या ग्रंथातून कोणता पुरावा मिळतो, हे तपासलं. काळाचा त्यांचा अंदाज फार चुकला नव्हता. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी २००५ मध्ये मनुस्मृतीची चिकित्सक आवृत्ती काढली, त्यांनीही साधारण दुसरं-तिसरं शतकच धरलं आहे.

ज्या ग्रंथापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले गेले, त्याला ब्राह्मण घरातला एक मुलगा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो आणि विचारतो: तू केव्हाचा, तुला काय माहीत आहे, आणि तुझ्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा? यालाच संशोधनपद्धती म्हणतात. मात्र यात एक अडचण आहे. कायद्याचं पुस्तक हा समाजाचा फोटो नसतो. रस्त्यावर ताशी पासष्ट मैलांची पाटी आहे म्हणून सगळे पासष्टनं जातात असं कोणी म्हणेल का? ग्रंथातून नियम कळतो. तो नियम घरोघरी कसा टिकला, कोणाच्या अंगावरून टिकला, हे ग्रंथातून कळायला कठीण.

केतकरांनी जातीची व्याख्या केली ती दोन खुणांवर. एक, जातीत जन्मलेल्यांनाच त्या जातीत जागा, आणि तसे जन्मलेले सगळे तिच्यात. दोन, जातीबाहेर लग्नाला कडक मनाई. या दोन खुणा लक्षात ठेवा, कारण सात वर्षांनी त्यांचा हिशेब होणार आहे.

दुसरे विद्यार्थी भीमराव रामजी आंबेडकर. जन्म १८९१, महू. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. विद्यापीठ कोलंबिया. महाराष्ट्रात ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या महार समाजातला हा तरुण इथे आला आणि वर्गांवर अक्षरशः तुटून पडला. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन. शिकवायला एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे लोक.

त्या वेळी कोलंबियात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र दोन्ही जोरात होतं. समाजशास्त्राचे प्राध्यापक फ्रँकलिन गिडिंग्ज आकडेवारीवर भर देणारे. मानववंशशास्त्रात फ्रान्झ बोआस. बोआस यांनी न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, जवळजवळ १८ हजार माणसांची मापं घेतली होती. १९११ मध्ये त्यांनी दाखवलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो. म्हणजे ज्याला वंशाची कायमची खूण समजत होते ती एका पिढीत हलते! मोजपट्टी तीच, पण रिस्लेंनी ती माणसांची उतरंड सिद्ध करायला वापरली आणि बोआस यांनी त्या उतरंडीचा पायाच तपासायला. आपण म्हणतो आकडे खोटं बोलत नाहीत. आकडे मुळात बोलतच नाहीत. त्यांना विचारलेला प्रश्न बोलतो.

बोआस यांचे एक शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर, मूळचे कीव्हचे, कोलंबियात सेमिनार घेत. ९ मे १९१६ रोजी त्या सेमिनारमध्ये आंबेडकरांनी आपला निबंध वाचला. विषय: भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला.

निबंध उघडतो तो एखाद्या प्रवासी वाटाड्यासारखा. पॉम्पेईचे अवशेष दाखवतात तशी मी तुम्हाला एक मानवी संस्था दाखवतो, असा सूर. मग ते कामाला लागतात. आधी चार व्याख्या मांडतात: फ्रान्सचे सेनार, मग नेसफील्ड, मग रिस्ले, आणि चौथे आपले केतकर. एकेक उचलतात, उजेडात धरतात. विटाळाची कल्पना हा जातीचा गाभा आहे का? नाही म्हणतात; पुरोहितवर्ग सगळ्यात वर बसला म्हणून ती जातीला चिकटली. जेवणखाण्याची बंधनं? ती जात तयार झाल्यावर आपोआप येतात, ती कारण नव्हेत, परिणाम आहेत.

केतकरांबद्दल मात्र त्यांचा सूर वेगळा आहे. हा माणूस आतला आहे, तरी मोकळ्या मनानं आणि चिकित्सकपणे लिहितो, असं ते आवर्जून म्हणतात. एकट्या जातीकडे न पाहता जातींच्या सगळ्या व्यवस्थेच्या संदर्भात तिची व्याख्या केली, याबद्दल दादही देतात. आणि मग चूक दाखवतात. केतकरांच्या दोन खुणा, 'जन्मानंच सभासदत्व' आणि 'बाहेर लग्नाला बंदी', या मुळात दोन नाहीतच. एकाच नाण्याच्या दोन बाजू. बाहेर लग्न करायचं नाही म्हटलं की आत जन्मलेलेच आत राहणार. मग उरतं काय? जातीतल्या जातीत लग्न. अभ्यासाच्या भाषेत, अंतर्विवाह. तेवढी एकच गोष्ट जातीचा गाभा.

मंडळी, इथे थोडं थांबू. एका व्याख्येतून एक ओळ कमी झाली, त्यात एवढं काय, असं वाटेल. पण त्यामुळे प्रश्नच बदलला. जात म्हणजे काय, या प्रश्नाच्या जागी आला पुढचा प्रश्न: हे लग्नाचं कुंपण शाबूत ठेवायला काय काय करावं लागलं? आणि तो विचारला की डोळ्यांपुढे पोथ्या येत नाहीत, घरातली माणसं येतात. मुख्यतः बायका.

आंबेडकरांचं गणित असं. सगोत्र लग्न न करणाऱ्या, म्हणजे लग्नासाठी बाहेर पाहणाऱ्या समाजात एखाद्या गटानं दार लावून घेतलं, तर आत लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जवळपास सारख्या संख्येत असायला हवेत. पण मृत्यू काही जोडीनं येत नाही. नवरा गेला की एक स्त्री 'जास्त' झाली. ती बाहेर लग्न करील तर कुंपण मोडेल, आत करील तर दुसऱ्या कोणा मुलीचा वाटा जाईल. मग तिचं काय करायचं? नवऱ्याबरोबर जाळायचं, किंवा जन्मभर विधवा म्हणून कोंडायचं. आणि बायको गेली की पुरुष 'जास्त' झाला. त्याला संन्यासी करायचं, नाहीतर अजून लग्नाचं वय न झालेल्या मुलींतली एखादी त्याला द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. या तिन्ही चालींना पुढे धर्माचं आणि प्रतिष्ठेचं वस्त्र चढलं. आंबेडकरांचं म्हणणं, ही वस्त्रं नंतरची. आधी होती ती कुंपणाची गरज.

मग हे सगळीकडे पसरलं कसं? इथे त्यांनी फ्रेंच विचारवंत गॅब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत घेतला. तार्द यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराला, १९०३ च्या, प्रस्तावना होती कोलंबियाच्याच गिडिंग्ज यांची. सिद्धांत सोपा आहे: खालचा वरच्याचं अनुकरण करतो, आणि अंतर जितकं कमी तितकं अनुकरण जास्त. आंबेडकर म्हणतात, हे पडताळून पाहा. ब्राह्मणांच्या सगळ्यात जवळच्या जातींत तिन्ही चाली दिसतील. त्याहून लांबच्यांत वैधव्य आणि बालविवाह. आणखी लांबच्यांत फक्त बालविवाह. आणि सगळ्यात दूर असलेल्यांनी उचललं ते फक्त जातीचं तत्त्व. पाहा, हे नुसतं मत नाही. हे तपासता येतं, आणि तपासून खोटंही ठरवता येतं. काहींनी दार लावून घेतलं, बाकीच्यांना ते बंद सापडलं आणि मग त्यांनीही आपापली दारं लावली. मनूनं जात निर्माण केली नाही, आधीच असलेल्या जातीला त्यानं नियमात बसवलं, असंही त्यांनी त्या दिवशी सांगितलं. आणि शेवटी म्हटलं की माझं म्हणणं टिकत नाही असं कोणी दाखवून दिलं, तर मी ते सोडून द्यायला तयार आहे.

त्या निबंधात एक गोष्ट जवळजवळ कुठेच नाही. स्वतः आंबेडकर. लहानपणी कोरेगावच्या वाटेवर बैलगाडीवाल्यानं जात कळल्यावर गाडी हाकायला दिलेला नकार त्यात नाही, शाळेतल्या वेगळ्या बसकराचा उल्लेख नाही. हे सगळं त्यांनी पुष्कळ नंतर, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिलं. तिथेच ते सांगतात की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती परत आली १९१७ मध्ये बडोद्याला, नोकरीवर रुजू होताना राहायला खोली मिळेना तेव्हा. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. कोलंबियाच्या सेमिनारला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. बंद दाराचा सिद्धांत मांडणाऱ्याला दार बंद सापडलं.

आज इथल्या वर्गांत विद्यार्थ्यांना सांगतात, संशोधन लिहिताना तू कोण आहेस, कुठे उभा आहेस, ते आधी लिही. १९१६ मध्ये ती रीत नव्हती. असती तर या निबंधात काय आलं असतं, याचा विचार मनात येतोच. पण मला असंही वाटतं की त्या दिवशी त्यांना दयेची गरज नव्हती. आपला युक्तिवाद तोलला जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आता या व्याख्येचं पुढे काय झालं ते सांगतो. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. केतकरांनी जिला साक्षीला बोलावलं होतं, तीच. आणि १९३६ मध्ये आंबेडकरांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' निघालं. त्यात जातीवरचा उपाय कोणता सांगितला? सहभोजन पुरेसं नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांचा अधिकार नाकारणं. वीस वर्षांपूर्वी जातीचा गाभा अंतर्विवाह आहे असं ठरलं नसतं, तर हात नेमका तिथे घातला गेला असता का? रोगाचं निदान आणि औषध यांचं जे नातं, तेच व्याख्या आणि उपाय यांचं. १९४४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितलं की कोलंबियाचा तो निबंध या पुस्तकात सामावून घ्यायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही.

आणि केतकर? ते परत गेले, मराठी ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे केले. १९२० मध्ये त्यांनी एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी लग्न केलं. त्याच पुढे शीलवतीबाई केतकर. म्हणजे आपल्या व्याख्येतली दुसरी खूण त्यांनी स्वतःच्या आयुष्यात मोडली. १९३० मध्ये 'ब्राह्मणकन्या' कादंबरी लिहिली, जिला समाज धड कुठल्याच जातीत धरत नाही अशा मुलीची. इथाकामध्ये जो नियम कागदावर मांडला होता, त्याची किंमत कोण मोजतं ते त्यांनी पुण्यात कादंबरीत लिहिलं.

रिस्लेंच्या नाकांचंही ऐका. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात ती मापं पुन्हा तपासली. उत्तर प्रदेशाकडचा भाग सोडला तर नाकाचा आणि जातीच्या पायरीचा मेळ कुठेच बसेना. त्याच आकड्यांचा आधार घेऊन आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये मांडलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही.

तर मंडळी, त्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, आजीची दोन्ही वाक्यं लिही. "आपल्याकडे असलं काही नाही" हेही, आणि "आपल्यातलीच आहे" हेही. आजी खोटं बोलत नाही. एक वाक्य ती जातीबद्दल बोलते, दुसरं लग्नाबद्दल. या दोन्हींत काय नातं आहे ते १९१६ मध्ये एका विद्यार्थ्यानं सांगून ठेवलं आहे. म्हणून पुढच्या घरी जाशील तेव्हा "तुम्ही जात मानता का?" असं विचारू नकोस. त्याला सगळे नाहीच म्हणतील. "घरातल्या शेवटच्या तीन लग्नांत स्थळ कसं ठरलं?" असं विचार. आणि आजीला सांग की तुझं बोलणं मी लिहिते आहे, चालेल ना. तिची परवानगी हीही पद्धतच आहे.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, पण मग मला आईबाबांच्या लग्नाबद्दलही विचारावं लागेल."

मी म्हटलं, हो. तिथूनच सुरू कर.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात या विषयावर बोलणं झालं, तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार.